संगणक-शंका : पडदा १०२४ वर अडला आहे

या वेळच्या टपालात लिनक्सच्या पडद्याच्या तक्रारींची पत्रे बरीच आहेत. त्यांतली निवडक घेतली आहेत. एक सूचना आधी : कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड देण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी कीबोर्डवर, इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. रेघा, ठिपके आणि मधली मोकळी जागा मात्र छापली आहे तशीच ठेवायची. निम्म्या वेळा कमांड चुकते ती एका जागेपायी.

प्रश्न : ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सेकंड जनरेशन आय-थ्रीचा जुना संगणक, त्यावर लिनक्स मिंट टाकून घेतलं. एक मॉनिटर माझ्याकडे, दुसरा गिऱ्हाइकाकडे तोंड करून, म्हणजे नावात काना-मात्रा चुकला तर त्याला तिथल्या तिथं दिसतं. दोन्ही एकाच व्हीजीए स्प्लिटरवर. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ चे. पण पडदा १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना. पासपोर्ट फोटोतला माणूस आडवा सुजल्यासारखा दिसतो. इंटेलचा ड्रायव्हर कुठून डाउनलोड करावा?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : कुठूनच नाही. इंटेलच्या चिपमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतो, त्याचं नाव आय९१५. त्याच्या जोडीचा मेसा हा भागही मिंटसोबतच येतो. सीडी घालून ड्रायव्हर बसवायची विंडोजची सवय इथं सोडावी लागते. खात्रीसाठी टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -के' द्या. लांब यादी येईल. तिच्यात 'व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर' ही ओळ शोधा. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' समोर 'आय९१५' दिसलं, की ड्रायव्हरची चौकशी संपली.

आता पाणी कुठं मुरतंय ते पाहू. प्रत्येक मॉनिटर संगणकाला स्वतःची माहिती कळवतो : मी अमुक मापाचा, मला अमुक रेझोल्यूशन चालतं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि ती मुळात अवघ्या १२८ बाइटची असते. पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा, निळा रंग १, २, ३ या पिनांवरून जातात, तर ही माहिती १२ आणि १५ या पिनांवरून येते. त्यामुळे या दोन पिना वाकल्या, तुटल्या किंवा स्प्लिटरनं जोडल्याच नाहीत, तरी चित्र छान येतं. फक्त समोर कोण बसलंय हे संगणकाला कळत नाही. अशा वेळी कर्नल धोका पत्करत नाही, १०२४ बाय ७६८ पर्यंतचीच मापं देतो. तुमचा पडदा नेमका त्याच आकड्यावर अडलाय, म्हणून आमचा पहिला संशय स्प्लिटरवर आहे. ड्रायव्हर शोधत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तपासायला एक ओळ पुरते :

'कॅट /एसवायएस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी'

उत्तर ० आलं तर माहिती पोचत नाही. १२८ किंवा २५६ आलं तर पोचते आणि दोष दुसरीकडे आहे. नव्या कर्नलमध्ये कार्ड० ऐवजी कार्ड१ असू शकतं. 'एलएस /एसवायएस/क्लास/डीआरएम' दिलं की खरं नाव दिसेल. मग संगणक बंद करून स्प्लिटर काढा, तुमचा मॉनिटर थेट लावा आणि सुरू करून तीच ओळ पुन्हा द्या. थेट लावल्यावरही ० आलं तर केबलच्या टोकात डोकावून पिना मोजा. पुष्कळ केबलींत ९ नंबरची पिन मुळातच नसते, त्याचा बाऊ करू नका. १२ आणि १५ मात्र हव्यातच. त्या खालच्या ओळीत असतात : ११ पासून १५ पर्यंत पाच पिना, त्यांतली दुसरी आणि शेवटची.

दोष स्प्लिटरचा निघाला तर चांगला मार्ग म्हणजे वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा, मॉनिटरची माहिती मागे पाठवणारा स्प्लिटर. असे बरेच स्प्लिटर पहिल्या पोर्टवरच्या मॉनिटरची माहिती वाचतात, म्हणून तुमचा मॉनिटर पहिल्या पोर्टला लावा. बिनवीजेचा वाय आकाराचा तुकडा या कामाचा नाही, त्यात चित्रही फिकट होतं.

खर्च नको असेल तर माप हातानं सांगता येतं. 'सीव्हीटी १३६६ ७६८' द्या. उत्तरात १३६६ नव्हे, १३६८ दिसेल. घाबरू नका. हे गणित रुंदी आठच्या पटीत धरतं आणि १३६६ ला आठनं पूर्ण भाग जात नाही. दोन ठिपक्यांचा फरक मॉनिटरचं 'ऑटो' बटण दाबलं की मिटतो. मग या तीन ओळी, एकेक करून :

'एक्सरँडर --न्यूमोड एम१ ८५.२५ १३६८ १४४० १५७६ १७८४ ७६८ ७७१ ७८१ ७९८ -एचसिंक +व्हीसिंक'

'एक्सरँडर --ॲडमोड व्हीजीए-१ एम१'

'एक्सरँडर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड एम१'

पहिल्या शब्दाचं स्पेलिंग एक्स, आर, ए, एन, डी, आर. 'एम१' हे आपण ठेवलेलं नाव, दुसरं काहीही चालेल. व्हीजीए-१ हे पोर्टचं नाव आधी नुसतं 'एक्सरँडर' देऊन खरं करून घ्या. आकडे टाइप करताना एखादा चुकला तर काय होईल, हे कळावं म्हणून त्यांचा अर्थ सांगतो : ८५.२५ म्हणजे सेकंदाला सव्वापंच्याऐंशी दशलक्ष ठिपके. १७८४ ही कडेच्या न दिसणाऱ्या जागेसह आडवी लांबी, ७९८ ही तशीच उभी. ८५.२५ दशलक्षाला या दोघांच्या गुणाकारानं भागलं की ५९.८८ येतं, म्हणजे सेकंदाला जवळपास ६० चित्रं. ८५.२५ च्या जागी ५८.२५ पडलं तर हाच आकडा ४१ च्या आसपास येतो आणि मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणून काळा पडू शकतो. तसं झालं तर संगणक रीस्टार्ट करा. हे माप तात्पुरतं असतं, पडदा आपोआप जुन्या मापावर येतो.

सगळं नीट दिसलं की याच तीन ओळी तुमच्या होम फोल्डरमध्ये '.एक्सप्रोफाइल' नावाच्या फाइलमध्ये टाका. नावाच्या सुरुवातीचा ठिपका विसरू नका. ठिपक्याच्या फाइली लपलेल्या असतात, त्या कंट्रोल-एच नं दिसतात. आधी फाइल आणि मग चाचणी असं उलटं केलं, तर लॉगिन केल्या केल्या पडदा काळा होईल. तसं झाल्यास कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून, काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड देऊन ती फाइल काढावी लागते.

पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन यंत्रणा लिनक्सवर असतात, एक्स-११ आणि वेलँड. हा उपाय एक्स-११ वर चालतो, मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये सहसा तेच असतं. नव्या उबुंटूत वेलँड असतं, तिथं एक्सरँडरनं नवीन माप देता येत नाही. 'एको $एक्सडीजी_सेशन_टाइप' ही ओळ सगळी कॅपिटलमध्ये, पहिला शब्द सोडून, दिली की तुमच्याकडे काय आहे ते कळतं. वेलँडवाल्यांनी '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये 'क्वाएट स्प्लॅश' च्या पुढे, अवतरण चिन्हांच्या आतच, जागा सोडून 'व्हिडिओ=व्हीजीए-१:१३६६एक्स७६८@६०' लिहावं, 'सुडो अपडेट-ग्रब' द्यावं आणि रीस्टार्ट करावं.

प्रश्न : लिनक्स टाकताना पडदा काळा पडत होता, म्हणून मेनूतला 'सेफ ग्राफिक्स' पर्याय निवडला. लिनक्स बसलं, पण खिडकी ओढली की मागे रेघोट्या उमटतात, ब्राइटनेसची पट्टी गायब आहे आणि दुसरा मॉनिटर ओळखत नाही. सेटिंगमध्ये ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' लिहिलंय. हे कोणतं कार्ड?
— विद्यार्थी, बीड

उत्तर : ते कार्ड नाहीच. एलएलव्हीएमपाइप म्हणजे ग्राफिक्सचं काम प्रोसेसरच्या खांद्यावर आलं आहे. बैलाऐवजी माणसानं औत ओढावं तसं. ओढतो, पण किती ओढणार?

'सेफ ग्राफिक्स' निवडलं की कर्नलला 'नोमोडसेट' हा शब्द सांगितला जातो, म्हणजे ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाही. लिनक्स बसवण्यापुरतं हे ठीक. पण बऱ्याचदा तो शब्द कायमचा लिहिला जातो आणि तुमची तिन्ही लक्षणं त्याचीच आहेत. 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' देऊन पाहा. ओळीत नोमोडसेट सापडला तर 'सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' नं फाइल उघडा, अवतरण चिन्हं जागेवर ठेवून तेवढा एक शब्द पुसा, कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग 'सुडो अपडेट-ग्रब' आणि रीस्टार्ट. अपडेट-ग्रब राहिलं तर फाइल बदलूनही उपयोग नाही, कारण संगणक सुरू होताना ही फाइल वाचतच नाही. तिच्यावरून तयार झालेली दुसरी वाचतो.

तुमच्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असेल तर क्रम बदला : आधी ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवा, मग शब्द काढा. नाहीतर सुरुवातीचा काळा पडदा पुन्हा समोर येईल.

प्रश्न : लॅपटॉपला एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० कार्ड आहे. उबुंटूवर ड्रायव्हर बसवला. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो ठरवला. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा आला, कळेना म्हणून 'कंटिन्यू बूट' दाबलं. आता एचडीएमआयला लावलेला मॉनिटर बंदच. 'एनव्हिडिया-एसएमआय' दिलं की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही म्हणतं. दोनदा काढून परत बसवला, तेच.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तो निळा पडदाच सगळी गोष्ट होती. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर सहीशिवायचा ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. तुमच्या लॅपटॉपवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर उबुंटूनं एका किल्लीनं सही केली आहे. पण 'ही किल्ली माझीच आहे' हे मालकानं त्या निळ्या पडद्यावर, स्वतः कीबोर्डसमोर बसून मान्य करायचं असतं. तुम्ही पुढे गेलात, मान्यता राहिली. 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' दिलंत तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा स्वच्छ निरोप मिळेल. ड्रायव्हर दहादा बसवला तरी ही सही आपोआप मान्य होणार नाही.

एचडीएमआयच का बंद, याचंही उत्तर यात आहे. अशा अनेक लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटेल किंवा एएमडीच्या चिपला जोडलेला असतो आणि एचडीएमआयची तार थेट एनव्हिडियाला. कार्ड झोपलं की पोर्ट झोपलं.

'मॉकयुटिल --एसबी-स्टेट' देऊन सिक्युअर बूट 'एनेबल्ड' आहे का पाहा. असेल तर :

'सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट /व्हीएआर/लिब/शिम-साइन्ड/मॉक/मॉक.डीईआर'

'मॉक' चं स्पेलिंग सगळीकडे एम, ओ, के. शेवटच्या नावातलं 'मॉक' कॅपिटलमध्ये, 'डीईआर' लहान अक्षरांत. पासवर्ड दोनदा विचारेल. टाइप करताना काही उमटत नाही, ते तसंच असतं. पासवर्ड फक्त आकड्यांचा, निदान आठ आकडी ठेवा, कारण निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी पद्धतीचा असतो आणि चिन्हांच्या जागा बदलल्या तर चुकतं. रीस्टार्ट करा आणि जागेवरून उठू नका. निळा पडदा दहा सेकंदच थांबतो, तेवढ्यात कोणतीही कळ दाबावी लागते. मग 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. परत आल्यावर 'एनव्हिडिया-एसएमआय' नं कार्डाचं नाव आणि तापमानाचा तक्ता दाखवला की जमलं. हा पासवर्ड एकदाच लागतो, लक्षात ठेवायची गरज नाही.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग. चालतो. पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची '.रन' फाइल उतरवून बसवू नका. आज चालेल, पण पुढच्या कर्नल अपडेटला बऱ्याचदा पडदा काळा होतो आणि ती काढताना उबुंटूच्या स्वतःच्या फाइलींशी तिचा गुंता होतो. 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' पुरेसं आहे.

प्रश्न : डीटीपीच्या कामासाठी जिफोर्स २१० हे जुनं कार्ड स्वस्तात मिळालं. नव्या लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसतच नाही.
— मुद्रण व्यावसायिक, परभणी

उत्तर : बसणारही नाही. हे २००९ चं कार्ड, त्याला एनव्हिडियाचा ३४० मालिकेचा ड्रायव्हर लागतो आणि कंपनीनं त्या मालिकेचं काम २०१९ अखेर थांबवलं. नव्या कर्नलसोबत तो जुळत नाही. नूव्हो हा खुला ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. त्यावर पडदा पूर्ण मापाचा मिळतो, वेग बेताचा. पत्रिका आणि हँडबिलं लावायला तेवढा पुरेल.

आमचं मत विचाराल तर मदरबोर्डवर इंटेलचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवा. उन्हाळ्यात त्याच्या बारक्या पंख्यात धूळ बसून ते पेटीला तापवण्याचंच काम करतं. काढल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. आधीच्या खटपटीत '/ईटीसी/एक्स११/एक्सओआरजी.कॉन्फ' ही फाइल तयार झाली असेल तर तिचं नाव बदला. 'एक्स११' मधला एक्स कॅपिटल, फाइलच्या नावातला लहान. ती राहिली तर एक्स-११ नसलेल्या एनव्हिडियाला शोधत बसतं आणि पडदा येत नाही.

प्रश्न : वर्गातल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला की खालची पट्टी अर्धी कापली जाते. रेझोल्यूशन १९२० बाय १०८० बरोबर आहे.
— शिक्षिका, अंबाजोगाई तालुका

उत्तर : लिनक्सला हात लावू नका. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड जात, म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवत. ती खोड नव्या टीव्हीतही उरली आहे. रिमोटवरून 'पिक्चर साइझ' मध्ये जा. कंपनीनुसार 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' किंवा '१:१' असं काहीतरी असेल, ते निवडा. काहींत एचडीएमआय इनपुटला 'पीसी' नाव दिलं तरी काम होतं. काळा रंग राखाडी दिसत असेल आणि लॅपटॉप इंटेलचा असेल तर एक्स-११ वर 'एक्सरँडर --आउटपुट एचडीएमआय-१ --सेट "ब्रॉडकास्ट आरजीबी" "फुल"' देऊन पाहा.

प्रश्न : मिंटचं अपडेट चालू असताना लाइट गेली. आता चालू केलं की वर कोपऱ्यात नुसती रेघ लुकलुकते. ग्राफिक्स कार्ड गेलं का?
— कृषी सेवा केंद्र, हिंगोली जिल्हा

उत्तर : सुरुवातीला कंपनीचं चिन्ह पडद्यावर दिसतंय ना? मग कार्ड शाबूत आहे. नवा कर्नल उतरला, पण त्याच्या जोडीची ड्रायव्हरची बांधणी अर्धी राहिली.

चालू करताना जुन्या संगणकावर शिफ्ट दाबून धरा, नव्यावर एस्केप हलकेच टिचका. मेनू आला की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा आणि वरून दुसरा, म्हणजे आधीचा, कर्नल निवडा. 'रिकव्हरी मोड' लिहिलेल्या ओळी सोडून मोजा. बहुतेकदा डेस्कटॉप उघडतो. नाही उघडला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३. मग याच क्रमानं :

'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'

'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'

'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल'

पहिली ओळ अर्धवट राहिलेली बांधणी पुरी करते, दुसरी तुटके भाग पुन्हा आणते, तिसरी सुरुवातीला लागणारी गाठोडी नव्यानं बांधते. 'नो स्पेस लेफ्ट' असं काही आलं तर 'डीएफ -एच' नं जागा पाहा. '/बूट' हा डिस्कचा भाग वेगळा असेल तर जुन्या कर्नलांनी तो भरलेला असतो. 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' नं मोकळा होतो. एनव्हिडियाचं कार्ड असल्यास 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये नव्या कर्नलच्या क्रमांकासमोर 'इन्स्टॉल्ड' दिसतंय ना, हे पाहूनच रीस्टार्ट करा.

लोडशेडिंगच्या गावात अपडेटचे दोन भाग करता येतात. 'सुडो ॲप्ट अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' फक्त फाइली आणून ठेवतं. हे कधीही करा, मध्ये लाइट गेली तरी बिघडत नाही. लाइट नक्की राहणार अशा वेळी 'सुडो ॲप्ट अपग्रेड' द्या, फाइली आधीच आलेल्या असल्यानं हे काम लवकर उरकतं. दुकान इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण पाहा. अनेक इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असे दोन पर्याय असतात. इकोवर लाइट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात बल्ब नुसता लुकलुकतो, पण संगणक बंद पडून पुन्हा चालू होतो. ते बटण यूपीएसवर ठेवा.